बातम्यांच्या चॅनेलमुळे मत बदलतं, की माणूस आपल्या पक्षाचंच चॅनेल शोधतो?
दोन्ही होतं. अमेरिकेतलं उदाहरण बघा. सप्टेंबर २०२० मध्ये, अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना, डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला या संशोधकांनी फॉक्स न्यूज या उजवीकडे (ट्रम्प यांच्या बाजूला) झुकणाऱ्या चॅनेलच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन हे विरुद्ध बाजूला झुकणारं चॅनेल बघायला लावलं. (फुकटात कोण बघणार!) मंडळी बहुतेक कट्टर उजवी. तरी कोविड, टपाली मतदान यांबद्दलच्या काही समजुती बदलल्या. ट्रम्प चुकले तर फॉक्स ते दाखवेल, हा भरवसाही कमी झाला. म्हणजे चॅनेल काय सांगतं यापेक्षा काय गाळतं, खरी मेख तिथे आहे. पैसे थांबल्यावर मात्र बहुतेक जण जुन्या सवयीकडे वळले आणि बदल बराचसा ओसरला.