गायरानावर 5,000 झाडं लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुरंदरच्या कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव, पाऊस जेमतेम 500 मिलिमीटर, 22 हेक्टर गायरान, मुरमाड माळ, अर्धाअधिक उघडा पडलेला. एक कंपनी पैसे द्यायला तयार आहे आणि तरुण मंडळाला जूनमध्ये 5,000 झाडं लावायची आहेत. कोणती लावावीत?

झाडांच्या नावांवर शेवटी येतो, कारण कामाच्या क्रमातही ती शेवटीच येतात. आधी पाण्याचा हिशेब करा. झाडाला आठवड्याला 10 लिटर धरले तरी 5,000 झाडांना 50,000 लिटर लागतात, म्हणजे 5,000 लिटरचे 10 टँकर. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत साधारण 18 आठवडे, म्हणजे 180 खेपा, त्याही वर्षातल्या सगळ्यात टंचाईच्या दिवसांत. गावालाच टँकरची वाट पाहावी लागत असेल तर माळावरच्या रोपांना पाणी कोण घालू देईल? पहिल्या उन्हाळ्यात रोपं जातात ती बहुतेक याच कारणाने. उरलेली शेळ्या संपवतात.

आणखी एक. तुमच्या भागातला उघडा माळ म्हणजे तुटलेलं जंगलच असेल असं धरून चालू नका. गवताळ माळ हीच तिथली मूळची रचना असू शकते. लांडगा, खोकड, चिंकारा हे प्राणी आणि धाविक, माळटिटवी हे पक्षी, सगळे अशाच मोकळ्या जागेचे रहिवासी. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते चिंकाऱ्यासाठी. तिथला माळ एकदा चालून या, चांगलं गवत कसं दिसतं ते कळेल. सरकारी कागदावर अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आता कामाला कुठून लागायचं ते सांगतो. पहिलं काम कागदाचं, आणि ते मे महिन्यात घाईने होत नाही. तलाठ्याकडून गायरानाच्या गटाचा सातबारा, संबंधित फेरफार, गाव नकाशा आणि गाव नमुना 1-इ, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, काढा. बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावर 'सरकार' आणि इतर हक्कांत 'गुरचरण' असं दिसेल. याचा अर्थ पंचायत वापर आणि राखण करते, मालक नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पंचायत ती जमीन कंपनीला भाड्याने किंवा कराराने देऊ शकत नाही. कंपनीच्या करारात 'ताबा', 'भाडेपट्टा' असे शब्द असतील तर सही करू नका. नंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पंचायतीच्या नावाने मोजणी करून घ्या आणि हद्दीचे दगड रोवा. मोजणी झाली की 22 हेक्टर कागदावरच होते हे अनेकदा कळतं.

अतिक्रमण निघालं तर सगळ्यांना एका मापाने मोजू नका. 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशाने दिलेल्या जमिनी आणि शाळा-दवाखान्यासारख्या सार्वजनिक सोयी यांचा अपवादही त्यातच आहे. महाराष्ट्रात भूमिहीन दलित-आदिवासींची 14 एप्रिल 1990 पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करण्याचा 1991 चा शासन निर्णय आहे. त्यामुळे चार एकर कसून खाणारं कुटुंब आणि गायरानात फार्महाऊसचं कुंपण सरकवणारा यांची नावं वेगळ्या यादीत लिहा. वृक्षारोपणाच्या नावाखाली पहिल्यांना हुसकावण्याचे प्रकार होतात. मंडळाने त्याचं हत्यार होऊ नये.

कागद हाती आले की ग्रामसभा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. 'गायरानाचं संवर्धन करण्यात यावे' असा मोघम ठराव निरुपयोगी. ठरावात गट नंबर, क्षेत्र, कोणता तुकडा कोणत्या तारखेपासून बंद, गवत कोणाला आणि कसं मिळणार, एवढं तरी हवं. दंडाची रक्कम लिहिण्यापेक्षा मोडणाऱ्याचा त्या वर्षीचा गवताचा पास रद्द, अशी अट घाला. दंड वसूल करायला कोणाच्या तरी दारात जावं लागतं, आणि गावात तेच कोणी करत नाही.

चराईबंदी हा या कामाचा कणा आहे आणि ती मोडते तीही ठरलेल्या जागी. हिवरे बाजारात चराईबंदी टिकली त्याचं एक मोठं कारण म्हणजे लोकांना गवत कापून न्यायला मिळालं. जनावर आत जात नाही, विळा जातो. पण ज्याच्याकडे दोन म्हशी आणि कडबा आहे त्याला बंदी सोसते, आठ शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला नाही. म्हणून 22 हेक्टर एकदम बंद करू नका. साडेपाच हेक्टरचे चार तुकडे पाडा, दोन बंद, दोन उघडे. सगळ्यात उघडा पडलेला तुकडा सलग 3 वर्षं बंद राहू द्या. धनगरांशी आधीच बसून बोला. तुमच्याकडचे अनेक मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे गवत उगवायच्या नेमक्या दिवसांत मेंढरं गावात असतात. पाण्यावर जायची त्यांची वाट बंद तुकड्यातून जात असेल तर नकाशा बदला, वाट बदलायला सांगू नका.

बंद तुकड्यातलं गवत बी पडून गेल्यावरच कापायचं, साधारण दिवाळीच्या पुढेमागे, आणि चार बोटं बुडखा ठेवून. बी धरायच्या आधी कापलं तर जनावरांना चारा सकस मिळतो हे खरं, पण पहिली तीन वर्षं तो मोह टाळा.

माती वाहून गेलेल्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर, घ्या. चांगलं गवत असलेल्या सपाट जागी मुळीच नको, तिथे चर म्हणजे शाबूत कातडं सोलणं. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर मीटरला 180 लिटर पाणी धरतो. दोन ओळींत 10 मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी 1,000 मीटर चर होतो, म्हणजे 1,80,000 लिटर. हेक्टरभर जमिनीवर 18 मिलिमीटर पाऊस पडला की एवढं पाणी होतं.

चर फुटतात ते समपातळी चुकल्याने. नजरेने आखलेल्या चरात सगळं पाणी सखल टोकाला धावतं, तिथून फुटतं आणि दोन पावसाळ्यांत घळ पडते. हायड्रोमार्कर, म्हणजे पाण्याच्या नळीने समपातळी दाखवणारं साधन, मिळाला तर उत्तम, नाहीतर ए-फ्रेम घरी करा: दोन-सव्वादोन मीटरचे दोन बांबू वर बांधायचे, मध्ये आडवी काठी, वरच्या टोकाला दोरीने दगड लटकवायचा. वापरण्याआधी ही फ्रेम जुळवावी लागते आणि हीच पायरी लोक गाळतात. दोन्ही पाय जिथे टेकले तिथे खुंट्या ठोका, दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग फ्रेम उलटी फिरवून डावा पाय उजव्या खुंटीवर ठेवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. माळावर दुपारी वारा दोरी हलवतो, म्हणून आखणी सकाळी उरका.

माती उताराच्या खालच्या बाजूला टाका, चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. दर 15-20 मीटरवर हातभर जमीन न खोदता तशीच ठेवा, म्हणजे एका जागी फुटला तरी सगळा चर रिकामा होत नाही. खोदाईसाठी काम रोजगार हमीच्या आराखड्यात घ्यायला ग्रामसभेचा ठराव लागतो, तोही त्याच बैठकीत करा. खोदाई मार्चच्या आधी संपवा. माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, उन्हाळ्यात जेसीबी आणि फावडी त्यावरूनच फिरतात.

चराच्या मातीच्या भरावावर पहिल्या पावसात गवत पेरा. पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल यांचं बी आसपासच्या राखलेल्या माळावरून आदल्या कार्तिकात गोळा करून ठेवावं. ताजं बी नीट उगवत नाही, सहा-सात महिने जुनं झालेलं बरं. हे बी हलकं, कुसळाचं असतं, उधळलं की वाऱ्याने जातं. ओल्या मातीत आणि शेणात कालवून बारीक गोळ्या करा आणि वरच्यावर टाका, बोटाच्या पेरापेक्षा खोल गेलं तर उगवत नाही. मारवेलीची ठोंबं लावली तरी जगतात. रोपवाटिकेतून फुकट मिळणारी ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ मात्र आणू नका, नंतर ती काढायला वेगळी मोहीम करावी लागते.

वणवा. डिसेंबर-जानेवारीत रस्त्याच्या आणि शेतांच्या कडेने 4-5 मीटर रुंद पट्ट्यातलं गवत कापून चारा म्हणून न्या, तीच जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा. 'जाळलं की गवत जोमात येतं' हा समज गावोगाव आहे. कोंब हिरवे दिसतात, पण वरचा पालापाचोळा जातो आणि पहिला वळीव उघडी माती घेऊन जातो.

आता झाडं. आधी माळ फिरून जिवंत बुंधे मोजा. पळस, बोर, हिवर, खैर यांचे शेळ्यांनी खाल्लेले फुटवे जमिनीलगत असतात, त्यांची मुळं खोल गेलेली असतात. बुंध्याला दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटा आणि काटेरी फांद्यांचं कुंपण करा. याला टँकर लागत नाही. नवीन लावायचीच तर ओढ्याकाठी आणि खोल मातीच्या जागी 200-300: कडुनिंब, बेल, आपटा, हिंगणबेट, बोर. खड्डे 45 सेंटिमीटरचे, दोन चांगले पाऊस झाल्यावर लावणी. प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा, नुसती चिरून लावलेल्या रोपाची मुळं आतच गुंडाळत राहतात.

कंपनीशी बोलताना 5,000 चा आकडा बदलून घ्या. त्यांच्याकडून एका राखणदाराचा 3 वर्षांचा पगार, मोजणीची फी आणि हद्दीचे दगड मागा. ते फोटो मागतील, तर तुम्ही मोजमाप द्या. माळावर पाच जागा दगडाने पक्क्या करा, दरवर्षी ऑक्टोबरात तिथून त्याच दिशेने फोटो, आणि 1 मीटर बाय 1 मीटर चौकटीतलं गवत कापून, वाळवून वजन. 100 ग्रॅम भरलं तर हेक्टरी 1 टन. असे आकडे तीन वर्षांचे जमले की कोणत्याही अधिकाऱ्यासमोर ठेवता येतात.

हे आकडे पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदवहीत, चढवा. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक ठिकाणी नुसती कागदावर. मंडळातल्या दोघांना तिच्यात घ्यायला लावा. शेतीपंपांना सौर वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी घेतल्या जातात आणि त्यात गायरानंही असतात. तसा प्रस्ताव तुमच्या गटावर आला तर 'इथे काहीच नाही' असा शेरा पडायच्या आत गवताचं उत्पन्न, चरणारी जनावरं, दिसलेले पक्षी-प्राणी आणि गवत नेणाऱ्या घरांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदारांकडे दाखल झालेली असावी, आणि पोच घेतलेली असावी.