करार करा, पण घरभेट कागदावर आणा

प्रश्न : आमची संस्था पाच जणींची. नंदुरबारच्या पाड्यांवर बाळंतिणीच्या घरी जाऊन आम्ही बाळ तपासतो. आता तालुका आरोग्य कार्यालय म्हणतं, आशा सेविकांचं प्रशिक्षण तुम्ही घ्या, करार करू. सरकारी कामात शिरलो तर आपलं काम आपलं राहील का? – एक कार्यकर्ती

उत्तर : ताई, करार करा. पाच जणी किती पाडे फिरणार? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. हे काम न झालेल्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण घरोघरच्या या भेटी देशभर पोचल्या त्या सरकारने २०११मध्ये हे काम आशांकडे दिलं तेव्हा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात.

माझं सांगणं एवढंच, की करारात नुसते प्रशिक्षणाचे दिवस आणि आशांची संख्या असेल तर सही करू नका. मी एकदा केली होती. वर्ग छान झाले, प्रमाणपत्रं वाटली. महिन्याने एका आशाबरोबर सहज एका घरी गेले. वर्गात तिला पैकीच्या पैकी गुण होते. इथे बाळ रडत होतं, अंगावर दुपटं तसंच, आणि तिने पंधरा सेकंद श्वास मोजून चाराने गुणले. मी तिच्याशेजारी बसले. बाळाला पाजून शांत होऊ दिलं, झबलं वर केलं, घड्याळ पोटाजवळ धरलं, पूर्ण मिनिट मोजायला लावलं. चौसष्ट. परत मोजले, त्रेसष्ट. साठ किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका. ‘मॅडम, आत्ताच न्यायला हवं,’ हे ती आपण होऊन म्हणाली. त्या घरात ती जे शिकली, ते माझ्या पाच दिवसांच्या वर्गात शिकली नव्हती.

म्हणून प्रत्येक आशाबरोबर निदान तीन घरभेटी, त्यांचा प्रवासखर्च आणि तुमच्या बाईचं मानधन, हे करारातच लिहून घ्या. ‘नंतर बघू’ यावर जाऊ नका. तुमचं काम तुमचं राहील ते या भेटींत. आणि पैशांच्या हप्त्यांच्या तारखाही घाला. आमचा दुसरा हप्ता अकरा महिन्यांनी आला. तोवर दोन चांगल्या मुली काम सोडून गेल्या होत्या.