आयपीएलसारख्या फ्रँचायझी क्रिकेटच्या पैशामुळे राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंचं नुकसान होतं का?

होतं, पण सगळ्यांचं सारखं नाही. खरी गोची वेळापत्रकाची. 2023 ची आयपीएल फायनल पावसामुळे एक दिवस लांबून 29 मेला सुरू झाली आणि 7 जूनला लंडनच्या ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा सामना! दोन महिने चार-चार षटकं टाकणाऱ्यांनी लगेच दिवसभर मारा करायचा तरी कसा? 209 धावांनी हरलो. (ऑस्ट्रेलिया सरस होतीच म्हणा.) वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्टने तर 2022 मध्ये न्यूझीलंड बोर्डाचा करारच सोडला, छोट्या बोर्डांना पैशात बरोबरी जमत नाही. बीसीसीआयची तिजोरी भरलेली, म्हणून कसोटीला जादा मानधन परवडतं.

पण आमच्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड घराघरांत पोचला तो चेन्नईच्या पिवळ्या जर्सीमुळेच. महाराष्ट्राच्या रणजी सामन्याला गहुंजेच्या स्टेडियमवर किती माणसं असतात, बघा एकदा जाऊन.