पाटीवरचं साल आणि आजीचा बाप्तिस्मा

प्रश्न : आमचं गाव काटोल तालुक्यात आहे. पंचवीसेक कॅथलिक घरं आणि एक छोटं चर्च. दारावरच्या पाटीवर ‘1934’ एवढंच रंगवलेलं आहे. यंदाच्या सणाला स्मरणिका काढायची ठरली आणि इतिहास लिहायचं काम फादरांनी माझ्याकडे दिलं. माझ्या आजीचा बाप्तिस्मा 1934च्या कितीतरी आधी झाला, असं घरात सगळे सांगतात. चर्चच नव्हतं, तर तो झाला कुठे? कागद काहीच नाहीत. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : आजीपासून करा. पाटीपासून नको.

मी नागपुरात तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. माझं गाव कळमेश्वरच्या पलीकडचं, आणि तिथल्या चर्चच्या पाटीवरही असंच एकटं साल होतं. निवृत्तीनंतर मी त्या सालाच्या मागे लागले, तेव्हा कळलं की ते फक्त भिंतींचं साल आहे. गावात पहिला बाप्तिस्मा कधी झाला, चर्च कधी बांधलं आणि बिशपांनी गावाला स्वतंत्र पॅरिश, म्हणजे स्वतःचा फादर असलेली मंडळी, म्हणून मान्यता कधी दिली, या तीन तारखा वेगवेगळ्या असतात. त्यांच्यात वीस-तीस वर्षांचं अंतर सहज पडतं. पॅरिश उभी करण्याचा अधिकार बिशपांचाच, त्याचा लेखी हुकूम निघतो. तोवर गाव कुठल्यातरी मोठ्या चर्चचं उपकेंद्र असतं. फादर महिन्या-दोन महिन्यांनी घोड्यावरून किंवा बैलगाडीने येणार, कुणाच्या तरी ओसरीवर मिस्सा (आपली मुख्य उपासना) करणार, बाप्तिस्मे देणार आणि नोंद आपल्या मुख्य चर्चच्या वहीत करणार. तुमच्या आजीचं नाव त्या वहीत असेल. म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना आधी हे विचारा : ‘पूर्वी फादर कुठून यायचे?’

आपल्या भागात या वह्या कुणी भरल्या, ते थोडक्यात सांगते. फ्रान्समधल्या आन्सी गावाच्या संत फ्रान्सिस डी सेल्स मिशनरी संघाचे फादर 1846मध्ये विशाखापट्टणमला पोचले, आणि नागपूर-कामठीचा मुलूख त्यांच्याकडे आला. कामठीच्या छावणीत आयरिश कॅथलिक शिपाई होते, त्यामुळे तिथलं काम जुनं. 1887 साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतला मुलूख, झाला. पुढे 1955मध्ये अमरावती वेगळं झालं, 1962मध्ये चांद्याचा (चंद्रपूरचा) भाग, आणि 1977मध्ये अमरावतीतून औरंगाबाद. तुमचा काटोल तालुका नागपुरातच राहिला, तेव्हा आधी पॅरिशमध्ये आणि मग नागपूरला आर्चबिशपांच्या कार्यालयात विचारा. मात्र कुणाची आजी मोर्शी-वरुडकडची असेल, तर तिच्या वेळचा मुलूख नागपूरच्या बिशपांचा होता, हे लक्षात ठेवा.

आता वही. ती लॅटिनमध्ये असेल, घाबरू नका. पंधरा-वीस शब्द पुरतात. ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, ‘नाता’ म्हणजे जन्मलेली, ‘पात्रिनुस’ आणि ‘मात्रिना’ म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे), ‘सेपुल्तुस’ म्हणजे पुरलेला. खरी अडचण फ्रेंच हाताची आहे. त्यांचा 1 वरून लांब शेपूट घेऊन उतरतो, तो आपल्याला 7 वाटतो. खरा 7 असेल तर त्याच्या पोटात आडवी रेघ असते. नावंही फ्रेंच कानाने लिहिलेली. ‘गुलाब’मध्ये ‘जी’च्या पुढे ‘ओ’ आणि ‘यू’ अशी दोन अक्षरं सापडतील. आणि महिन्याच्या जागी 7चा आकडा आणि त्याला चिकटून ‘बी-आर’ अशी बारीक अक्षरं दिसली, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये सात म्हणजे ‘सेप्तेम’, त्यावरून. 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा फुलीसारखा आकडा म्हणजे डिसेंबर. माझ्या आत्याचा जन्म मी वर्षभर जुलैमध्येच धरून बसले होते.

या आत्याबद्दल सांगायलाच हवं, कारण वहीत काय दडलेलं असतं ते तिच्यामुळे मला कळलं. आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक होता. ‘ती गेली’ एवढंच. लग्न न करता कुणाबरोबर गेली, असा त्याचा अर्थ आम्ही पोरींनी लावला होता. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, डाव्या समासात, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हाताने तीन ओळी होत्या. कामठीच्या चर्चचं नाव, तारीख आणि नवऱ्याचं नाव. कॅथलिक माणसाचं लग्न कुठेही झालं, तरी लग्न लावणाऱ्या फादरांनी त्याच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं आणि तिथे समासात नोंद करायची, हा नियम 1908पासून लागू आहे. म्हणजे कामठीहून पत्र आलं होतं, आमच्या फादरांनी ते वहीत चढवलं होतं, आणि घराला पत्ता नव्हता. किंवा घराने तो लागू दिला नाही. मी वडलांना नोंद वाचून दाखवली तेव्हा ते ऐंशीचे होते. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, ‘चर्चमंदी लगन झालं होतं तिचं?’ त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, पण त्या रविवारी त्यांनी बहिणीच्या नावाने मिस्सा मागितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा समास वाचा, मजकुराइतकेच लक्ष देऊन. मुली कुठल्या गावी दिल्या, कोण सिस्टर झाली, सगळं तिथे आहे.

मृतांची वही वाचायला मन घट्ट करावं लागतं. आमच्या वहीत एरवी एका पानावर वर्षभराच्या नोंदी मावत. 1918च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत, तीन पानं भरली आहेत आणि फादरांचं अक्षर दर दिवशी आणखी वाकडं होत गेलं आहे. शेवटच्या काही नोंदींत वयाचा रकाना कोराच. तुमच्या स्मरणिकेत काही टाकायचं राहिलं तरी चालेल, पण तुमच्या वहीतली त्या वर्षाची नावं राहू देऊ नका.

वहीत मधेच बिशपांची सही सापडेल. ते पॅरिशला भेट द्यायचे तेव्हा वह्या तपासून सही करत. कोपेल यांची सही असेल तर काळ 1907 ते 1933, गाये यांची असेल तर 1934 ते 1950. तारीख वाळवीने खाल्ली असेल, तर एवढ्यावरूनही काळाचा अंदाज येतो.

इमारतीकडे मग या. कवेलू उतरवताना एकेक उलटं करून बघा, मंगलोरी असेल तर पाठीवर कारखान्याचा छाप असतो, त्यावरूनही काळाचा अंदाज येतो. वेदीच्या मागे, भिंतीला लागून जमिनीवर वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो का पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा करत आणि वेदी बहुधा भिंतीशी असे. 1965च्या पुढे ती हळूहळू सगळीकडे पुढे आली. जमिनीवरचा डाग त्याची खूण. जागा कुणी दिली हे तलाठ्याकडच्या सातबारा-फेरफारात आणि 1954-55च्या अधिकार अभिलेखात शोधा. आपल्याकडे 1951पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाची जमीन सारा भरणाऱ्या मालगुजाराच्या ताब्यात असे, त्यामुळे ‘मालगुजारानं दिली’ असं गावात सांगतात ते बरेचदा खरं असतं, तरी कागद बघाच.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. वही फादरांच्या परवानगीने, त्यांच्यासमोरच उघडा. फ्लॅश न वापरता खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. एका गावात रंगरंगोटीच्या वेळी जुन्या वह्या रद्दीत गेल्या, मी पोचले तेव्हा पुठ्ठे तेवढे उरले होते. आणि दुसरं : कुणाच्या नोंदीत बाप अज्ञात असं असेल, तर ते छापायचं नाही. त्या माणसाची नातवंडं त्याच गावात राहतात.

शेवटी, मास्तरांना विसरू नका. फादर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येत. बाकीचे दिवस प्रार्थना शिकवणारा, रोग्याजवळ बसणारा, फादर नसताना मातीला जाणारा तो धर्मशिक्षक होता. फादरांच्या बदल्यांच्या याद्या मिळतात, मास्तरांची यादी कुणी केलेली नसते. पण धर्मपिता म्हणून एकच नाव पानामागून पान येत राहिलं, तर बहुधा तेच तुमचे मास्तर. आणि धर्ममाता म्हणून जी बाई सारखी येते, ती त्यांची बायको किंवा गावची सुईण. तिच्याही घरी जाऊन या.

प्रश्न : आमच्या कब्रस्तानातल्या जुन्या दगडांवरची अक्षरं पुसट झाली आहेत. 2 नोव्हेंबरला सगळ्यांच्या कबरी साफ करतो. तेव्हा तारेच्या ब्रशने घासून अक्षरांत काळा रंग भरावा का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : दोन्ही नको. तारेच्या ब्रशने उरलेलं अक्षरही जातं, आणि रंग भरताना आपण जे वाचलं तेच कायमचं होऊन बसतं, चुकीचं असलं तरी. साधं पाणी आणि मऊ ब्रश घ्या. सकाळी सात-साडेसातला ऊन तिरपं असतं, तेव्हा दगडाच्या एका बाजूला उभं राहून फोटो काढा. दुपारी सपाट दिसणारी अक्षरं त्या वेळी सावलीने उठून दिसतात. ढग असतील तर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला टेकवून बाजूने धरा. फोटोवर कबरीची रांग आणि क्रमांक लगेच लिहून ठेवा.