भातलावणीचं स्केच: बाह्यरेषा कुठे सोडायची?

तुझं भातलावणीचं स्केच पाहिलं. बांध, डोंगर, ढग छान जमलेत, पण माणसं वरून चिकटवल्यासारखी दिसतात. कारण सगळ्यांभोवती तू एकाच जाडीची बाह्यरेषा फिरवली आहेस. वाकलेल्या बाईची उजेडाकडची कड पाण्याच्या चकाकीत विरून जाते, तिथे रेषा सरळ तोडून टाक. पोटाखाली, गुडघ्यांमागे मात्र 4बी (मऊ, गडद उठणारी) पेन्सिल आडवी धरून गडद कर.

डोळे बारीक करून बघ. पाठीवरचं इरलं, वर खोचलेलं लुगडं, चिखलात रुतलेल्या पोटऱ्या, हे सगळं मिळून एकच गडद आकार दिसेल, वरच्या कडेला थोडा उजेड. तेवढाच काढ. बोटं मोजत बसू नकोस, नाक-डोळे तर नकोतच.

कागद फार गुळगुळीत घेतलायस. झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराची 1880च्या दशकातली कॉन्टे क्रेयॉनची (खडूसारख्या काळ्या कांडीची) रेखाटनं नेटवर शोध. खरखरीत कागदाच्या खळग्यांत पांढरं तसंच राहतं आणि बाह्यरेषेशिवाय माणूस उभा राहतो. चित्रकार पिसारोची शेतात राबणारी माणसंही बघ.

आणि पावसाळी हवा दाखवायला बोटाने घासणं बंद कर, चित्र नुसतं मळकट होतं. लांबच्या माणसांना एचबी पेन्सिलच्या हलक्या तिरक्या रेघा पुरतात. पुढचं स्केच दाखवशील तेव्हा मूळ फोटोही दे, म्हणजे उजेड कुठून होता ते कळेल.