सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गळू दिसलं, मग रक्त आणि पू तपासायला का सांगतात?

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, थंडी वाजून ताप येतोय आणि सोनोग्राफीत गळू दिसलंय, असं तुम्ही लिहिलंय. सोनोग्राफीतून गळू कुठे आहे, केवढं आहे ते कळतं. ते बॅक्टेरियामुळे झालंय की अमिबामुळे, हे खात्रीने कळत नाही, आणि औषध तर त्यावरच ठरतं.

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले, एलएफटीत म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम जास्त, अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, असे रिपोर्ट दोन्ही प्रकारच्या गळवांत येतात. अमिबाविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडीज जुन्या संसर्गानंतर वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात, त्यामुळे आपल्या भागात नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही.

म्हणून कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी, हवंच. ब्लड कल्चर शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, दोन वेगवेगळ्या जागांहून घ्यावं. पेशंट फार खालावला असेल तर मात्र त्यासाठी औषध लांबवू नये. तरीही साधारण निम्म्याच रुग्णांच्या रक्तात जंतू सापडतात. सगळ्यात जास्त सांगतो तो गळवातून सुईने काढलेला पू. सुई घालण्याआधी रक्त नीट गोठतंय ना, हे पीटी-आयएनआर करून बघतात.

हा पू लॅबमध्ये कसा पोचतो याबाबत मी फार आग्रही आहे. कापसाच्या काडीवर टिपलेला थेंब पुरत नाही. ड्रेनच्या (पू बाहेर काढायला बसवलेल्या नळीच्या) पिशवीत साठलेला पू तर नकोच, त्यात बाहेरचे जंतू वाढलेले असतात. ताजा पू निर्जंतुक डबीत द्यावा आणि थोडा हवा लागू न देता वेगळा पाठवावा, कारण बॅक्टेरॉइड्ससारखे जंतू हवेत तग धरत नाहीत. ते वाटेतच मेले तर गळू पुवाने भरलेलं असूनही रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ (जंतू वाढले नाहीत) असा येतो. नमुना फ्रीजमध्ये ठेवू नये. ग्राम स्टेन (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं) त्याच दिवशी कळतो, कल्चर-सेन्सिटिव्हिटीला (कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे कळायला) दोन-तीन दिवस लागतात, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना त्याहून जास्त.

मधुमेहींमध्ये क्लेब्सिएला न्यूमोनी हा जंतू बऱ्याचदा निघतो. त्याच्या काही जाती रक्तातून डोळ्यापर्यंत पोचतात. वडिलांना अंधूक दिसू लागलं किंवा डोळा दुखू लागला, तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.

अँटिबायोटिक आधीच सुरू झालं असलं तरी पू तपासायला पाठवाच. कोणतं औषध कधी सुरू केलं ते लॅबच्या फॉर्मवर लिहायला सांगा. रिपोर्टचा अर्थ लावताना आम्हाला ते लागतं.