शनिवारची दुपार मोकळी ठेव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

दांडेलीच्या जंगलातल्या गणेशगुडीच्या लॉजचं बुकिंग झालं हे ऐकून फार बरं वाटलं. पण तू पाठवलेली यादी वाचून काळजी वाटली. दोन सफाऱ्या, राफ्टिंग, सिंथेरी, कवळा गुहा, वर उळवी. हे सगळं केलंत तर सोमवारी तू फाउंड्रीत मोल्डिंगला आणि सूनबाई बँकेत आणखी दमून जाल. रविवारची पहाटेची सफारी ठेव, बाकी खोड.

वाघाचा हट्टही धरू नकोस. हे जंगल २००७ साली व्याघ्र प्रकल्प झालं, २०१५ पासून काळी नदीच्या नावाने ओळखलं जातं. वाघ आहे, काळा बिबट्याही आहे. पण झाडी इतकी दाट की दहा हातांवर जनावर उभं असलं तरी नजरेला पडत नाही. वाघासाठी डोळे ताणून बसलेल्या माणसाला डोक्यावरून उड्या मारत गेलेलं शेकरू दिसत नाही, आणि शेजारी बसलेली बायको तर नाहीच.

त्यापेक्षा धनेश पक्षी बघा. फेब्रुवारी अखेर म्हणजे त्यांच्या विणीचे दिवस. मादी झाडाच्या ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर बाहेरून वडा-उंबराची फळं आणतो आणि घशातून एकेक वर काढून त्या फटीत देतो. मोठा धनेश उडाला की पंखांचा आवाज भट्टीच्या ब्लोअरसारखा येतो. आधी ऐकू येतो, मग दिसतो. सूनबाईंना यातलं काही सांगू नकोस, तिला तिथेच बघू दे. फक्त ढोलीखाली रेंगाळू नका. माणूस उभा असला की नर जवळ येत नाही, आणि आत मादी उपाशी राहते.

आता मुख्य गोष्ट. बेळगावात शहापुरातल्या दोन खोल्यांत तुम्ही पाच जण राहता. तू सेकंड शिफ्ट करून येतोस तेव्हा ती झोपलेली, ती निघते तेव्हा तू. लग्नाला दोन वर्षं होत आली, पण तुम्हा दोघांना मोठ्याने हसायलाही जागा मिळालेली नाही. ती जागा म्हणजे त्या लॉजचा व्हरांडा. पैसे तू त्यासाठी भरलेस असं समज. शनिवारी दुपारी जेवून तिथे दोन खुर्च्या ओढा आणि बसा. बोलणं नाही सुचलं तरी उठू नका, मोबाईल काढू नका. ती डुलकी घेईल, घेऊ दे. कितीतरी दिवसांत तिला कुणी चहा टाकायला न उठवता झोपू दिलं नसेल. घराच्या कर्जाचा विषय तू काढू नकोस. तिने काढला तर शेवटपर्यंत ऐकून घे, तिथल्या तिथे निकाल लावायला जाऊ नकोस.

आईबाबांना सोडून मजा करतोय, हे मनाला लावून घेऊ नकोस. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे चक्कर मारीन. बाबांच्या गोळ्या कुठे ठेवल्यात तेवढं मला सांगून जा.

नदीकाठी बसा, पण पाण्यात उतरू नका. सुपा धरणातून विजेसाठी पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. आणि शुक्रवारी शिफ्ट संपवून रात्रीच बाईक काढायचा विचार असेल तर तो सोड. रामनगरच्या पुढे अंधारात रस्त्यावर गवा उभा असला तर अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. शनिवारी उजाडल्यावर खानापूर-लोंढा करत आरामात जा, रविवारी जेवून उजेडात परत या. स्वेटर दोघांचेही घ्या. उघड्या जीपमध्ये पहाटे अजून काकडायला होतं.

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
काका